आता घंटा होणार

गभणे गुरुजी खोकायच्या आधी सांगायचे. "आता मी खोकून राहिलो. दोनदा खोकीन. बस, एवढंच." मग तोंडावर रुमाल धरून मोजून दोनदा खोकायचे आणि फळ्यावरचं गणित पुढे चालू करायचे. फळा पुसायचा असला तर "आता फळा पुसून राहिलो." खिडकी लावायची असली तर "आता खिडकी लावून राहिलो, खटकन आवाज होईल, बस, एवढंच." गावात आलेला एखादा पाहुणा शाळेच्या दारातून हे ऐकायचा आणि पारावर येऊन विचारायचा, "तुमच्या मास्तरचं डोकं ठिकाणावर आहे ना जी?" गावाचंही त्याबाबतीत एकमत नव्हतं.

शिंक मात्र त्यांना आधी सांगता येत नसे. ती यायची तशी यायची. मग ते नाक पुसत दाराजवळच्या खांबाकडे बघून म्हणायचे, "हे सांगता नाई आलं. माफ करजो." खांबाशी माझी धाकटी बहीण बसलेली असायची. गुरुजींचं सगळं सांगणं तिच्यासाठी असायचं.

अड्याळपासून दोन कोसांवर आमचं गाव. पंच्याहत्तरच्या अलीकडपलीकडचा काळ. शाळेला दोन खोल्या आणि दोन मास्तर. पहिली आणि चौथी एका खोलीत, ती गुरुजींकडे; मुख्याध्यापकही तेच. मी चौथीत होते आणि मंजुळा पहिलीत. घरी आम्ही तिला मंजी म्हणायचो. मंजी कोणाच्या डोळ्यांत बघायची नाही. हाक मारली तर वळायची नाही. चिंचोके एका ओळीत मांडत तासन् तास बसायची आणि त्यातला एक जरी कोणी सरकवला तर अशी किंचाळायची की गोठ्यातली बैलं दावं ओढायची. पुष्कळ वर्षांनी, मी स्वतः शिक्षिका झाल्यावर, एका प्रशिक्षणात 'स्वमग्नता' हा शब्द ऐकला आणि घरी येऊन रडले. तेव्हा आमच्या गावाकडे तिच्यासाठी एकच शब्द होता, 'येडी'. मायनं अंगारेधुपारे करून पाहिले, एका पुजाऱ्याकडे पाच शनिवार नेलं. शेवटी ती म्हणाली, "शाळेत तुह्यासंग बसव. घरापरीस बरं." म्हणजे जबाबदारी माझ्यावर आली.

मी जन्माची भित्री भागुबाई. आजही कुकरची शिट्टी वेळेवर झाली नाही तर माझा जीव वरखाली होतो. त्या वर्षी तर माझा एक कान पुस्तकात आणि एक कान मंजीकडे असायचा. आता ओरडेल, आता ओरडेल, या धास्तीनं मला भूगोल असा कधी आलाच नाही. सगळ्यात वाईट वेळ घंटेची. चिंचेच्या झाडाला रुळाचा तुकडा टांगलेला होता, त्यावर लोखंडी गज आदळला की मंजी दोन्ही कान दाबून किंचाळायची, जमिनीवर डोकं आपटायची, आणि सगळा वर्ग माझ्याकडे बघायचा. जणू घंटा मीच वाजवली होती.

गुरुजी काही संत नव्हते, हे आधीच सांगून टाकते. साकोलीकडून बदलून आलेले, उंच, हाडकुळे, नाकावर राग. छडी कायम टेबलावर. मंजीच्या पहिल्या महिन्यात एकदा घंटा झाली, ती ओरडू लागली, थांबेना. गुरुजी तरातरा आले आणि त्यांनी तिच्या हातावर छडी मारली. मी चौथीच्या रांगेतून पाहत होते. मंजी रडली नाही. तिनं स्वतःचं मनगट तोंडात धरलं आणि रक्त येईतोवर चावलं. पुढचे आठ दिवस गुरुजी जवळून गेले की तिचं मनगट तोंडात जायचं. गुरुजी ते बघायचे आणि टेबलाशी जाऊन नुसतेच बसायचे. एकदा त्यांनी छडी उचलून कपाटावर ठेवली. मला वाटलं, आता मंजीचं नावच काढणार.

त्याऐवजी एका दुपारी त्यांनी मला टेबलाजवळ बोलावलं. "कमल, तू सांग. पाढ्याचा गलका घंटेपरीस मोठा का लहान?"

"मोठा जी."

"मंग पाढ्यात काहून नाई वरडत ते?"

हे खरंच होतं. सगळी पोरं बेंबीच्या देठापासून पाढे ओरडायची, आणि मंजी मात्र तेव्हा डुलत शांत बसायची. दोन दिवस ते वर्गात येरझारा घालत होते. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, "बे एके बे झालं का तिले मालूम रायते, आता चार येणार. चार झाले का सहा येणार. घंटा तिले सांगून येते का? आणि माही छडी सांगून आली होती का?" मग त्यांनी कपाटावरच्या छडीकडे पाहिलं. "आपण सगळे तिच्यावर अचानक येऊन पडतो, कमल."

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं सांगणं सुरू झालं. "मंजुळा, आता घंटा होणार. तीन ठोके. बस, एवढंच." मंजी पहिले काही दिवस तरीही ओरडली. पण मग एका सकाळी गुरुजींनी सांगितल्यावर तिनं घंटेच्या आधीच कानांत बोटं घातली, डोळे मिटले, तीन ठोके झाले, आणि तिनं बोटं काढली.

या सांगण्याचा त्यांना एक तोटा झाला. मार सांगून मारायचा म्हटल्यावर मार चुकू लागला. "रामा, आता मी तुले दोन झापडा मारून राहिलो" एवढं होईस्तोवर रामा शाळेच्या कुंपणाबाहेर असायचा. गुरुजी हात तसाच वर धरून दाराकडे बघत राहायचे. मग म्हणायचे, "जाऊ दे. अर्धा राग बोलण्यातच गेला." वर्षाअखेरीस कपाटावरच्या छडीला कोळिष्टकं लागली होती.

मंजी काही हुशार झाली नाही. असं काही मी सांगणार नाही. तिच्या पाटीवर वर्षभरात 'अ' आणि 'म' एवढीच अक्षरं उमटली. पण ती स्वतःच्या पोत्यावर, खांबाशी, शाळा सुटेपर्यंत बसू लागली. तिच्या पोत्याभोवती गुरुजींनी खडूनं चौकोन आखला होता आणि त्यात कोणी पाय ठेवायचा नाही, हे पहिलीच्या पोरांना बाराखडीआधी पाठ झालं होतं. आणि कधी कधी, कशानं तरी भेदरली की ती स्वतःशीच पुटपुटायची, "बस, एवढंच. बस, एवढंच."

पण गावाला हे पटत नव्हतं. शिवाकाका आमच्याच गल्लीतले. त्यांचा राजू पहिलीत होता. ते एकदा शाळेत आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "गुर्जी, येड्या पोट्टीच्या संगतीनं आमचे पोट्टे येडे होतीन. तुमी सोताच पाहा, दिवसभर कायबी बडबडता." त्यांनी एक अर्ज आणला होता. मुलगी शिकण्याजोगी नाही, वर्गात बसत नाही, तिचं नाव कमी करावं. खाली सहा अंगठे आणि दोन सह्या. गुरुजींनी तो दोनदा वाचला. "थंडीत साहेब तपासणीले येतीन. अर्ज त्यांच्यासमोर ठेवीन, पोरगीबी समोर ठेवीन. ते म्हणतीन तसं."

त्या दिवसापासून माझं जेवण तुटलं. पुढच्या वर्षी मी अड्याळच्या शाळेत जाणार होते. मंजीचं नाव गेलं असतं तर ती दिवसभर घरात, माय-बाबा धानाच्या बांधीत, आणि ती एकटी. आणि साहेबांसमोर ती शांत बसेल याची मला काडीची खात्री नव्हती.

आता तपासणीची एक रीत सांगते. ती तेव्हा बहुतेक शाळांत चालायची आणि त्यात कोणाला गैर वाटत नसे. ज्या दिवशी साहेब येणार त्या दिवशी कच्ची पोरं घरी ठेवायची. आईबापही समजूतदार, मास्तरांनी सांगायच्या आधीच पोराला शेतावर न्यायचे. गुरुजींनीसुद्धा नोकरीभर तेच केलं होतं, हे त्यांनीच मला सांगितलं. पण या खेपेला त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात पंधरा रेघा ओढल्या आणि मंजीजवळ खाली बसून म्हणाले, "रोज सकाळी एक रेघ पुसजो. शेवटची पुसली का साहेब येतीन. जीपचा आवाज येईल. सगळे उभे रायतीन, नमस्ते म्हणतीन, मंग बसतीन. बस, एवढंच." रोज तेच वाक्य, त्याच शब्दांत. मंजी रोज तळव्यानं एक रेघ पुसायची.

शेवटची रेघ उरली त्या सकाळी माय-बाबा उजाडताच धानाच्या कापणीला गेले. मंजीला शाळेत आणायचं काम माझं होतं. मी तिची वेणी घातली, आणि घालता घालताच माझ्या डोळ्यांसमोर साहेबांचा लाल पेन येऊ लागला. ती ओरडेल, साहेब कपाळाला आठ्या घालतील, हजेरीपटावर एक रेघ मारतील, झालं. मग मला वाटलं, ती दिसलीच नाही तर? सगळीच कच्ची पोरं आज घरी असतात. साहेब जातील, उद्यापासून पुन्हा आपलं चालू. दहा वर्षांच्या पोरीची अक्कल ती. मी तिला मागच्या खोलीत नेलं, पुढ्यात चिंचोके ओतले, बाहेर आले आणि कडी लावली. तिला काहीएक न सांगता. शाळेकडे पळत सुटले, आणि गल्लीच्या टोकापर्यंत तिचं ओरडणं मला ऐकू येत होतं.

साहेब आले. नमस्ते झालं. फळ्याच्या कोपऱ्यात ती एक रेघ तशीच होती. साहेबांनी कोणाला कविता म्हणायला लावली, कोणाची वही पाहिली, आणि मग अर्ज हातात घेतला. शिवाकाका खिडकीबाहेर उभे होतेच. साहेब म्हणाले, "ही मुलगी कोणती?"

"आज नाही दिसत," गुरुजी म्हणाले, आणि खांबाजवळच्या रिकाम्या पोत्याकडे बघत राहिले.

"मग अर्जात तरी खोटं काय आहे? वर्गात बसत नाही असंच लिहिलं आहे. नाव कमी करा." साहेबांनी पेनचं टोपण काढलं.

नाव वाचवायला मी तिला कोंडलं होतं आणि त्यानंच ते जात होतं. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. "कमल, मंजुळा कुठं आहे?"

"ताप आहे जी."

"ताप आहे का भेव आहे?"

मी नुसती रडू लागले. गुरुजींनी टोपी नीट केली आणि साहेबांकडे वळले. "साहेब, आता मी वर्गाबाहेर जाऊन राहिलो. पंधरा मिनिटं लागतीन. एक पोरगी घेऊन येतो. बस, एवढंच." आणि पंचायत समितीचे साहेब हातात उघडा पेन घेऊन खुर्चीत बसलेले असताना ते खरंच निघाले. मी त्यांच्यामागे धावले.

घरात ठक ठक आवाज येत होता. मंजी आतून दारावर कपाळ आपटत होती. एका लयीत, थांबत नव्हती. मी कडीकडे झेपावले तर गुरुजींनी हात आडवा केला. ते दाराबाहेर मांडी घालून बसले आणि रोजच्याच आवाजात बोलू लागले. "मंजुळा, मी गभणे गुरुजी. साहेब आले आहेत. तुही रेघ तशीच आहे, कोणी पुसली नाई. आता मी कडी काढून राहिलो. करकर आवाज होईल. मंग दार उघडंल. बस, एवढंच." ठक ठक थांबलं. आम्ही वाट पाहिली. आतून बारीक आवाज आला, "बस, एवढंच." तेव्हा त्यांनी कडी काढली.

तिच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ होतं. मनगटावर दातांचे वळ. गुरुजी माझ्याकडे वळले आणि मी गाल पुढे करून उभी राहिले, कारण त्यांनी मला एक ठेवून दिली असती तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "तिले सांगतलं होतं का?"

"नाई जी."

"कोंडलं ते कोंडलं. सांगाचं तरी, बाई." हे वाक्य माझ्या हाडात बसलं आहे.

त्यांनी तिचा हात धरला नाही. दोन पावलं पुढे चालत ते रस्ता सांगत राहिले. आता विहीर. आता मारुती. आता शाळा. मंजी वर्गात शिरली. साहेबांकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ फळ्याशी गेली, तळव्यानं शेवटची रेघ पुसली, आपल्या पोत्यावर येऊन बसली. साहेबांनी नाव विचारलं. ती खांबाकडे बघत राहिली. साहेबांनी पुन्हा विचारलं. आणि नेमका तेव्हाच बाहेर जीपच्या ड्रायव्हरनं, कंटाळून असेल, भोंगा वाजवला.

तो कोणीच तिला सांगितला नव्हता. मंजी किंचाळली. कान दाबून वाकली, टेंगूळ आलेलं कपाळ जमिनीकडे गेलं. खिडकीतून शिवाकाका म्हणाले, "पाहा, साहेब, पाहा तुमीच." गुरुजी उठले, पण त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांना मी प्रथमच घाबरलेलं पाहत होते.

तेवढ्यात पहिलीच्या रांगेतून एक किनरा आवाज आला. "बे एके बे." तो राजू होता, शिवाकाकांचा. "बे दुणे चार." दुसरं पोरगं मिसळलं, तिसरं मिसळलं. "बे त्रिक सहा" ला अख्खी पहिली ओरडत होती, "बे चोक आठ" ला आम्ही चौथीवालेही. कोणी सांगितलं नव्हतं. पोरांनी शाळा उघडल्यापासून पाहिलं होतं, आणि त्यांना ते इतकं साधं वाटत होतं की त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. "बे पंचे दहा" ला मंजीचं कपाळ वर आलं. "बे आठे सोळा" ला ती डुलू लागली. "बे दाहे वीस" झालं आणि त्या शांततेत ती एकटीच म्हणाली, "बस, एवढंच."

खिडकीत शिवाकाका दिसत नव्हते. मग साहेबांनी अर्जाची घडी घालून खिशात ठेवली आणि शेरेबुक ओढलं. ते गेल्यावर गुरुजींनी शेरा आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवला: 'पाढे चांगले. तपासणी चालू असताना मुख्याध्यापकांनी वर्ग सोडून जाऊ नये.' त्यांनी पान उलटून पाहिलं, मागे काही नव्हतं. "तिच्याबद्दल काई लिहिलं नाई," ते म्हणाले आणि खुर्चीत धपकन बसले. बसताना सांगायचं विसरले. "नाई लिहिलं म्हणजे नाव राहिलं."

नाव राहिलं, चौथीपर्यंत राहिलं; वर्ग बदलला तरी तिचं पोतं त्याच खोलीत, खांबाशी राहिलं. गुरुजी मात्र राहिले नाहीत. दीड वर्षानं त्यांची बदली साकोलीपलीकडे, जंगलाच्या कडेच्या एका गावी झाली. त्या शेऱ्यामुळे का आणखी कशामुळे, त्यांनी कधी सांगितलं नाही. महिनाभर आधी त्यांनी फळ्यावर तीस रेघा ओढल्या. शेवटच्या दिवशी मीही अड्याळची शाळा बुडवून आले होते. "मंजुळा, आता मी जाऊन राहिलो. परत येणार नाई. नवीन गुरुजी येतीन, तेबी सांगतीन. बस, एवढंच." मला त्यांचा राग आला. येईन अधूनमधून, असं म्हणायला काय जात होतं? मी तसं बोललेसुद्धा. ते सायकलीला पिशवी अडकवत म्हणाले, "एकदा खोटं सांगतलं, का मंग पुढचं सांगणं ते कायले ऐकंल?"

नवीन गुरुजींना ते अर्धा दिवस सगळं समजावून गेले होते. नवे कधी सांगायचे, कधी विसरायचे. विसरले की पहिलीची पोरं सांगायची.

पुढे मी शिक्षिका झाले. मंजी घरीच होती, धानाच्या रोवण्याच्या दिवसांत मायबरोबर बांधीत उतरायची, आणि घराचं दार लावताना, घरात कोणी असो नसो, म्हणायची, "आता कडी लावून राहिले." ते ऐकलं की दर वेळी मला टोचायचं. एक दिवस सकाळच्या एसटीनं निरोप आला की गुरुजी वारले, शहापूरला, त्यांच्या घरी. लेक लांबून यायची होती म्हणून घरचे दुपारपर्यंत थांबणार होते.

माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगायला लाज वाटते. मंजीला घरी ठेवावं. तिथे बाया हंबरडा फोडतील, गर्दी असेल, ती सतरा-अठरा वर्षांची मुलगी परक्या अंगणात किंचाळेल, लोक काय म्हणतील. माझा हात दाराच्या कडीपर्यंत गेला. मग मी खाली बसले आणि तिला सांगितलं. "मंजे, गभणे गुरुजी मेले. आता आपण शहापूरला जाऊन राहिलो. दोन एसट्या. तिथं बाया खूप मोठ्यानं रडतील. गुरुजी झोपलेले दिसतील, पण बोलणार नाहीत. मग त्यांना नेतील." माझ्याच्यानं पुढचं बोलवेना. तिनं वाट पाहिली. मी म्हटलं, "बस, एवढंच."

शहापूरला अंगण भरलेलं होतं. रडारड सुरू झाली तेव्हा मंजीनं आधीच कानांत बोटं घातलेली होती. ती भिंतीला टेकून उभी होती आणि मी तिच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघत होते. तिरडी बांधून झाली. दोन मुलगे आणि दोघं नातलग वाकले. कोणीतरी म्हणालं, "चला, उचला."

मंजीनं बोटं काढली आणि ती सरळ तिरडीकडे चालू लागली. मी तिचा पदर धरायला हात लांब केला, तो पोचला नाही. बाया रडायच्या थांबल्या. ती गुरुजींच्या उशाशी जाऊन खाली बसली, त्यांच्या चेहऱ्याकडे नाही, दोरीच्या गाठीकडे बघत.

"गुर्जी, आता उचलून राहिले," ती म्हणाली. "हालंल. मंग रस्ता. बस, एवढंच."

थोरला मुलगा हात लावून वाकलेला होता, तो तसाच थांबला. बाकीचे तिघंही थांबले. मंजी उठून पुन्हा भिंतीपाशी आली, आणि मग त्यांनी उचललं.